लांजेवार सरांचे दोन मार्क

१२ मार्च. आज ऑफिसातली चौदा टेबलं रिकामी करायची होती. कंपनीने वरचा मजला सोडला आहे. उरलेल्या सहा जणांनी खालच्या मजल्यावर बसायचं, असं ठरलं. टेबलांचे खण उघडून कागदांचे तीन ढीग लावायचे होते: ठेवायचे, फाडायचे आणि रद्दीत द्यायचे. असलं काम मी शिपायाला सांगितलं असतं, पण शिपाई गेल्याच महिन्यात कमी केला.

नवव्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात शाळेचा एक ॲटलस निघाला. पुठ्ठा सुटलेला, कडेने वायरमन वापरतात ती काळी टेप चिकटवलेली. आत पानापानावर पेन्सिलीचे बारीक ठिपके. लांजेवार सर नोकरीतून गेल्यावर त्या टेबलावर दोन माणसं बसून गेली, पण दोघांनीही तो टाकला नव्हता. तिन्हीपैकी कुठल्या ढिगात घालायचा ते मलाही ठरवता येईना. म्हणून खिडकीत ठेवला आणि पुढचा खण उघडला. पण नंतर लक्ष लागलं नाही, म्हणून आता घरी येऊन हे लिहिते आहे.

आमचं काम लोकांना सांगितलं की खरं वाटत नाही. हिंगणा रोडवरच्या एका इमारतीत बसून आम्ही जगातल्या श्रीमंतांची यादी ठेवतो. बाहेर एमआयडीसीच्या पाळीच्या बसेस जातात आणि आत कोणत्या देशात कोणाकडे किती घरं, किती कंपन्या, किती बोटी, हे आम्ही कागदपत्रांवरून शोधतो. ही माहिती परदेशातल्या बँका विकत घेतात, बोटी विकणारे घेतात, देणग्या शोधणारी विद्यापीठंही घेतात. जगाचे आम्ही सहा तुकडे केले आहेत आणि प्रत्येक तुकड्याला माणसं नेमलेली आहेत. वर्षातून एक फेरी होते. एक ठरलेला आकडा आहे, त्याला आम्ही रेषा म्हणतो. रेषेच्या वर गेलेला यादीत, खाली राहिलेला बाहेर. फेरीच्या शेवटी कुठल्या तुकड्यात किती वाढले याचा रंगीत तक्ता निघतो. मी इथे सोळा वर्षं आहे. एकही तुकडा कमी झालेला मी पाहिलेला नाही.

मोरेश्वर लांजेवार मुलाखतीला आले तेव्हा सत्तेचाळीस वर्षांचे होते. उंच, वाळलेले, पांढरा पूर्ण बाह्यांचा शर्ट, मनगटाशी बटणं लावलेली. बाकीचे उमेदवार त्यांच्या निम्म्या वयाचे होते. ते हिंगण्याच्या पुढच्या एका गावात भूगोल शिकवायचे. शाळा विनाअनुदानित. अनुदान येणार, येणार, म्हणून त्यांनी तिथे एकोणीस वर्षं काढली होती. पगार म्हणजे संस्थाचालकाची मर्जी. शाळा का सोडली, असं मी विचारलं. ते म्हणाले, "शाळेच्या पाटीवर कायम लिहिलं होतं मॅडम. कायम विनाअनुदानित. मले वाटे, माह्या नावापुढंही कधी तरी कायम लागंल. मंग एक दिवस बायको म्हणे, आता तुमचे केस कायमचे पांढरे झाले, पुरे."

मी त्यांना घेतलं, कारण त्यांना नकाशा येत होता. बाकीच्यांना बुर्किना फासो नावाचा देश आहे, हेही माहीत नव्हतं.

आमच्याकडे सगळे कंत्राटावर लागतात. सलग पाच वर्षं झाली की कायम करतात. कायम झालं की पीएफ आणि घरच्यांसकट दवाखान्याचा विमा. सरांनी पहिल्याच दिवशी ही एक गोष्ट माझ्याकडून दोनदा विचारून घेतली. त्यांच्या बायकोचे दोन्ही गुडघे गेले होते. ती घरात भिंत धरून चालायची. ऑपरेशनचा खर्च धंतोलीतल्या डॉक्टरने कागदावर लिहून दिला होता, आणि तो कागद सरांच्या पाकिटात असायचा. कोणाला दाखवायचे नाहीत. पण पाकीट उघडलं की तो कागद आधी बाहेर यायचा आणि मग पैसे निघायचे.

त्यांना पहिल्यांदा पश्चिम आफ्रिका दिली. पुढे आखातही दिलं. सर काम हळू करायचे, पण त्यांची चूक निघायची नाही. त्यांची एकच खोड होती. कोणताही माणूस समोर आला की त्याचं मूळ गाव सापडेपर्यंत ते पुढे सरकायचे नाहीत. आमच्या तक्त्यात त्यासाठी रकानाच नाही. माणूस आज कुठे राहतो एवढंच आम्हाला लागतं. मी हे त्यांना किती तरी वेळा सांगितलं. ते मान डोलवायचे आणि गाव शोधायचे. सापडलं की ॲटलस काढून तिथे पेन्सिलीने ठिपका द्यायचे. मग दोन्ही हात एकमेकांवर झटकायचे. हाताला खडू नसायचा, पण झटकायचे.

एकदा मी जरा आवाज चढवून विचारलं, हे कशासाठी? ते म्हणाले, "मॅडम, माणूस मोजाचा तं गाव विचारलं पाह्यजे. नाई तं तो नुसता आकडा होते."

मी म्हटलं, सर, आपल्याला आकडाच पाहिजे आहे.

"हो ना," ते म्हणाले आणि ठिपका दिला.

ॲटलसमधल्या काही जागा ठिपक्यांनी काळ्या झाल्या. ते ठिपके गावांचे नव्हते. समुद्रातली लहान लहान बेटं, जिथे श्रीमंतांच्या कंपन्या नोंदवलेल्या असतात. सुरुवातीला सर तिथेही ठिपके द्यायचे. एक दिवस ॲटलस घेऊन माझ्या टेबलाशी आले. पेन्सिलीचं टोक त्या बेटावर ठेवून म्हणाले, "एवढीशी जागा आहे. एवढे लोक राहात असंन कुठी? पाणी तरी पुरते का?"

मी समजावलं की यातलं कोणी तिथे राहत नाही. तिथे फक्त कागद राहतात. कर लागत नाही म्हणून.

सरांनी थोडा विचार केला. "मंग बरं आहे," ते म्हणाले. "कागदाले पाणी लागत नाही." त्यानंतर त्यांनी त्या बेटांवर ठिपके देणं बंद केलं.

वर्षाच्या फेरीला सुरुवात करायची तर मागच्या वर्षीची यादी आधी तपासावी लागते. सर ती हजेरीसारखी घ्यायचे. ओठांतल्या ओठांत नाव वाचायचे आणि पुढे स्वतःच म्हणायचे, हजर. एखादं नाव रेषेखाली गेलेलं असलं की म्हणायचे, गैरहजर, काहून? मग तासभर तो माणूस का बुडाला ते शोधत बसायचे. असा बुडालेला क्वचितच सापडे. साथीच्या वर्षी आम्हाला वाटलं होतं की आता यादी आक्रसेल. सरांनी त्यांच्या दोन्ही तुकड्यांची हजेरी घेतली. दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी फोनवर मला म्हणाले, "सगळे हजर आहेत मॅडम. उलट नवीन भरती आहे." मग म्हणाले, "आमच्या गल्लीतून तिघं गेले." आणि फोन ठेवला. त्या फेरीचा तक्ता मीच वर पाठवला. सगळे रंग वर चढलेले होते.

यादीतल्या लोकांना ते शेजाऱ्यांसारखे ओळखायचे. आपला तो सिमेंटवाला, आपल्या त्या टँकरवाल्या बाई. तन्वी नावाची एक मुलगी त्यांच्या बाजूला बसायची. चोवीस वर्षांची, तोंडाने फटकळ, सरांवर जीव. जेवणाच्या सुट्टीत ती मुद्दाम त्यांना डिवचायची. एकदा डबा उघडता उघडता म्हणाली, "सर, तुमच्या टँकरवाल्या बाईंनी तिसरी बोट घेतली."

"काहून वं?" सरांनी विचारलं. "पहिल्या दोन बुडाल्या का?"

सगळी पँट्री हसली. सर हसले नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

यादीतला कोणी मेला की सर खुर्चीतून उठून उभे राहायचे. शाळेत कोणी गेलं की राहतात तसे, हात बाजूला, मान खाली. मिनिटभरही नाही, पण उभे राहायचे. ऑफिसातली मुलं खाली माना घालून हसायची. पुढच्या आठवड्यात त्या मेलेल्या माणसाच्या एका ओळीच्या चार ओळी करायच्या असत, कारण त्याच्या चार मुलांना वाटण्या झालेल्या असत आणि चौघंही रेषेच्या वर असत. पहिल्यांदा असं झालं तेव्हा सरांनी मला बोलावून ते पडद्यावर दाखवलं. आमच्याकडे बाप गेला की वावर चार जागी होते, ते म्हणाले, आणि चौघंही खाली जातात. इथे एक मेला की चार होतात, आणि खाली कोणीच जात नाही. मंग ही यादी कमी कधी व्हाची, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, सर, ते आपलं काम नाही. त्यानंतरही ते प्रत्येक मरणाला उभे राहत होते, पण आधीसारखा वेळ लावत नव्हते.

चार वर्षं नऊ महिने अशी गेली. सरांच्या टेबलावर एक साधं कॅलेंडर होतं. त्यावर तीन महिन्यांनंतरच्या एका तारखेभोवती निळं वर्तुळ होतं. ते कशाचं आहे हे कोणी विचारत नव्हतं, कारण सगळ्यांना माहीत होतं. धंतोलीच्या डॉक्टरकडून त्यांनी त्या तारखेनंतरच्या आठवड्याची वेळही घेऊन ठेवली होती.

त्या फेरीत आखाताच्या नव्या नावांत निलेश बावणे हे नाव आलं. दुबईत शीतगृहं बांधणारा. सरांनी सवयीप्रमाणे गाव शोधलं, आणि गाव त्यांच्या शाळेचं निघालं.

मी त्यांना इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. हा माझा पोरगा आहे, असं त्यांनी टेबलाटेबलाशी जाऊन सांगितलं. तिसऱ्या बाकावर, खिडकीपाशी बसायचा. बाप गिट्टीच्या खाणीवर ट्रक चालवायचा. आठवीत भूगोलात नापास होत होता, कारण त्याला वारे कळायचे नाहीत, नैर्ऋत्य आणि ईशान्य यांत गोंधळ करायचा. सरांनीच त्याला वर ढकलला. तन्वी म्हणाली, सर, मग फोन करा की त्याला, एक चांगली नोकरी मागा. आमच्या नियमात यादीतल्या माणसाशी संपर्क करणं बसत नाही, पण सरांनी नियमाचं नाव घेतलं नाही. ते म्हणाले, "मास्तरनं पोराले नोकरी मागतली, तं ते पोरगं परत आठवीत जाते. राहू दे त्याले तिथंच." दुसऱ्या दिवशी सगळ्यांना संत्रा बर्फी आणली. ॲटलसमध्ये त्या गावी ठिपका देताना त्यांनी पेन्सिलीला नवं टोक केलं, हे मी पाहिलं.

निलेश बावणेची नोंद यादीत गेली. तपासणारी म्हणून खाली माझी सही होती. सरांची चूक निघत नाही म्हणून मी ती नोंद नुसती वरवर पाहिली होती.

परदेशातली जी बँक यादी घेते ती दर फेरीला थोड्या नोंदी उचलून स्वतः पुन्हा मोजते. तीन आठवड्यांनी त्यांच्याकडून एक नोंद लाल होऊन परत आली. निलेश बावणे रेषेच्या खाली होता. थोडासाच, पण खाली. त्याचं दुसरं शीतगृह अजून अर्धं बांधलेलं होतं आणि सरांनी ते पुरं झालेलं धरलं होतं. आमचा नियम आहे, जेवढं उभं आहे तेवढंच धरायचं. हा नियम सरच नव्या मुलांना शिकवायचे.

मी त्यांना पाण्याच्या कूलरपाशी गाठलं. टेबलावर बोलायची गोष्ट नव्हती.

"इमारत उभी होऊन राहिली मॅडम," ते म्हणाले. "दोन-चार महिन्यांत होते. तिथं पाऊसही येत नाही."

मी म्हटलं, आपण उभं आहे तेवढंच धरतो, हे तुम्हाला माहीत आहे.

"माहीत आहे." त्यांनी ग्लास भरला, पण प्यायले नाहीत. "शाळेत पस्तीसले पास असते. तेहतीस पडले तं दोन देता येतात. दोन मार्कासाठी कोण्या पोराचं वर्ष वाया घालवत नसते. मी एकोणीस वर्षांत एकाचंही घालवलं नाही. याले आठवीत दोनच देल्ले होते."

"इथे तसा नियम नाही, सर."

"नाई. पाह्यलं मी. पूर्ण पुस्तिका पाह्यली. ग्रेस कुठीच नाही."

"मग?"

"मंग देल्ले."

मला त्यांचा राग आला. आजही येतो. ज्याच्याकडे दुबईत दीड शीतगृह आहे त्या माणसाला दोन मार्क द्यायला निघालेला हा माणूस, ज्याच्या पाकिटात डॉक्टरच्या अक्षरातला खर्चाचा कागद. नाव यादीत नसतं तर त्या निलेशचं काय बिघडणार होतं? आपलं नाव अशा यादीत आहे, हे त्या लोकांना बहुतेक माहीतही नसतं. मी हे सगळं सरांना बोलून दाखवलं. जरा जास्तच बोलले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, मुलं पुढं गेल्याशिवाय मास्तरले काय कळते, का आपण शिकवलं ते बरोबर होतं?

मग त्यांनी विचारलं, आता काय होईल? मी सांगितलं. बँकेला उत्तर द्यायचा एक ठरलेला कागद असतो. त्यात कारण लिहायचं. नजरचूक लिहिलं तर ताकीद मिळते. जाणूनबुजून लिहिलं तर त्या माणसाला त्याच दिवशी कमी करतात. ते लिहायचं काम तपासणाऱ्याचं, म्हणजे माझं.

सरांनी आता पाणी प्यायलं. ग्लास धुऊन पालथा घातला. "नजरचूक लिहलं तं चालते का, मॅडम? दोन महिनेच राहिले."

मी म्हटलं, बघते.

त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. जागेवर जाऊन बसले आणि घानाच्या एका कोकोवाल्याचं गाव शोधायला लागले.

मी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत तो कागद समोर ठेवला होता. नजरचूक लिहिलं असतं तर कोणालाही कळलं नसतं. बँकेला ते कारण चाललं असतं, इथल्या साहेबांनाही चाललं असतं. पण ती नोंद वरवर पाहूनच मी सही केली होती. नजरचूक म्हटलं की पहिला प्रश्न येणार होता, मग तपासणारीची नजर कुठे होती? त्या वर्षी माणसं कमी करणार अशी कुजबुज होती आणि माझ्या वयाच्या बाईला कमी केल्यावर पुन्हा कोणी घेत नाही. ‘जाणूनबुजून’ला तो प्रश्न नव्हता. मी कारणात तेच लिहिलं. ते खरंही होतं. ते खरं आहे म्हणूनच लिहिलं, असं मी बराच काळ लोकांना सांगत होते.

दुसऱ्या दिवशी सरांनी खण रिकामा केला. म्हणजे ॲटलस सोडून सगळं नेलं. तो विसरले की ठेवला, माहीत नाही. तन्वी रडत होती. ते तिला म्हणाले, "काहून रडतं वं? पास तं झाला ना तो, तीन आठवडे." माझ्या टेबलाशी येऊन नमस्कार केला. मी कामात होते, असं दाखवलं. दाराशी पोचल्यावर त्यांनी दोन्ही हात झटकले.

त्यानंतर दीड वर्ष मला त्यांची काही खबर नव्हती. मध्ये तन्वीकडून कळलं की ज्या शाळेत त्यांनी एकोणीस वर्षं वाट पाहिली, ती वीस टक्के अनुदानावर आली. जे मास्तर टिकून राहिले त्यांना पगार सुरू झाला. तन्वीलाही पुढे कमी केलं. तिचं काम आता सॉफ्टवेअर करतं, आणि ते गाव विचारत नाही.

गेल्या डिसेंबरात माझा उजवा खांदा आखडला. हात वर जाईना, वेणी घालता येईना. धंतोलीत एका खाजगी हॉस्पिटलमध्ये नंबर लावला. सकाळी दहा वाजता तिथे गडचिरोलीपासून बुलढाण्यापर्यंतची माणसं बसलेली होती, डबे, पिशव्या आणि एक्स-रेची पाकिटं घेऊन. समोरच्या टेबलावर निळ्या गणवेशात लांजेवार सर बसले होते. एकेकाला टोकन देत होते आणि वहीत नाव लिहीत होते. वहीत गावाचा रकाना नसणार. ते नावापुढे कंसात गाव लिहीत होते.

मला पाहून उठून उभे राहिले. मला ते बरं वाटलं नाही.

आठ-दहा वाक्यं बोलणं झालं. मी बायकोच्या गुडघ्यांचं विचारलं. "चालते भिंत धरून," ते म्हणाले. "भिंत आहे तोवर चालते." तो पाकिटातला खर्च आता जुना झाला होता, दुप्पट झाला होता. म्हणूनच ते इथे लागले होते. स्टाफला ऑपरेशनमध्ये सूट मिळते. पण वर्ष पूर्ण व्हावं लागतं, आणि कोणाची तक्रार नको. नऊ महिने झाले होते. मी मनात तीन महिने मोजले. त्यांनीही मोजलेले असणार.

माझ्या टोकनावर एकवीस नंबर होता. आत एकोणीसचा पुकार व्हायच्या आधी सर माझ्याजवळ आले, हातातलं टोकन काढून घेतलं आणि दुसरं दिलं. एकोणीस. "जा मॅडम. दोन नंबरानं काही होत नाही. हात दुखून राहिला तुमचा, दिसते मले."

मला नाही म्हणता आलं असतं. हात खरंच दुखत होता आणि अकराला ऑफिसात पोचायचं होतं. मी टोकन घेतलं आणि आत गेले.

डॉक्टर माझा हात वर करून पाहत असतानाच बाहेरून आवाज यायला लागला. वणीकडून आलेला एक माणूस होता. पहाटे चारला निघाला होता, बरोबर पाय प्लॅस्टरमध्ये असलेली आई. एकोणीस नंबर त्यांचा होता; आईला एक्स-रेला नेताना तो टोकन टेबलावर ठेवून गेला होता. तो शिव्या देत नव्हता. एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "आमचा नंबर कोणाले देल्ला?" मी बाहेर आले तेव्हा तिथली व्यवस्थापक मुलगी सरांसमोर उभी होती. सरांच्या शाळेत ती आठवीत शोभली असती. ती म्हणत होती, "काका, हे मी शेवटचं सांगते आहे. हे लिहून घेणार आहे मी." सर म्हणाले, "चुकलं. माह्याच हातून चुकलं." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही. मीही पुढे होऊन काही बोलले नाही. एक वाक्य पुरलं असतं, की टोकन मी मागून घेतलं. मी बिलाच्या खिडकीशी जाऊन पैसे भरले.

फाटकाशी रिक्षा थांबवताना मागे वळून पाहिलं. काचेतून सर दिसत होते. वणीचा माणूस आईला धरून आत जात होता. टेबलासमोर एक म्हातारी उभी होती. सर तिच्याकडे वाकले होते, पेन वहीवर टेकलेलं. आवाज आला नाही, पण ते काय विचारत होते ते मला ओठांवरून कळलं. गाव कोणतं?

फिजिओथेरपीसाठी मी मग धरमपेठेतलंच एक ठिकाण शोधलं. धंतोलीला पुन्हा गेले नाही. त्यांचं वर्ष पूर्ण झालं की नाही, हे मी विचारलेलं नाही. आज मार्चची बारा तारीख. झालं असेल तर याच महिन्यात झालं असेल.

आज चार वाजता चौदाही टेबलं रिकामी झाली. खाली येऊन मी संगणक उघडला. यंदाच्या फेरीची नवी नावं सॉफ्टवेअरने काढून ठेवली होती, माणसाने फक्त हो म्हणायचं. आखाताच्या यादीत चौथं नाव निलेश बावणे होतं. दुसरं शीतगृह पुरं झालं आहे. तिसरंही. रेषेच्या इतका वर गेला आहे की कोणी दोन मार्क काढून घेतले तरी फरक पडणार नाही. मी संगणक बंद केला, ॲटलस पिशवीत घातला आणि घरी आले.

१३ मार्च. सकाळी साडेनऊला ऑफिसात पोचले. आधी बावणेची नोंद घेतली. घरं, कंपन्या, तिन्ही शीतगृहं तपासली, या वेळी एक एक करून. सगळं उभं आहे. शेवटी एक रकाना असतो, हे नाव प्रथम कोणी शोधलं. मी तिथे सरांचा जुना कर्मचारी क्रमांक घातला. सॉफ्टवेअरने तो घेतला नाही, असा क्रमांक अस्तित्वात नाही म्हणून सांगितलं. पुन्हा घातला. पुन्हा तेच. रकाना रिकामा सोडता येत नाही. मी माझा क्रमांक घातला आणि हो म्हटलं. आखाताचा रंग तक्त्यावर एका माणसाने वर गेला. मग मी पुढचं नाव उघडलं.